गुरुवारची टेकडी

आमच्या घरात रविवार गुरुवारी यायचा. पिंपरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, कारण विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून प्रत्येक भागाला वेगळा वार लावून दिलेला. आजही तिथल्या जुन्या कंपन्या गुरुवारी बंद असतात आणि बाहेरगावचा माणूस गेटवर येऊन चक्रावतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तिथे फिटर होते. माझ्या शाळेला सुट्टी रविवारी. म्हणजे मी घरी असले की बाप कारखान्यात आणि बाप घरी असला की मी शाळेत. गुरुवारी पहाटे आई धपाटी थापायची, तव्यावर तेल चुरचुरायचं, लसणाचा वास मोरीपर्यंत जायचा, दापोडीतल्या आमच्या दोन खोल्यांमागून आगगाडी धडधडत गेली की मांडणीवरची भांडी खुळखुळायची, आणि अण्णा लेंगा-बनियनवर बशीतून चहा पीत बसलेले असायचे. बाकीच्या दिवशी त्यांचा चहा उभ्यानेच. असा बसलेला बाप मला आठवड्यातून एकदा दिसायचा, तोही वेणी घालून होईपर्यंत. मग मी दप्तर उचलून निघायची, आणि दिवसभर वर्गात माझ्या नाकात तो लसूण असायचा.

अण्णा तरी घरी कुठे थांबत होते म्हणा. चाकणच्या पुढे धरणाचं पाणी तुंबून मोठं तळं झालं आहे, त्याच्या काठाला एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर विहार बांधायचं, असं कारखान्यांतल्या आमच्या लोकांनी मनावर घेतलं होतं. तेव्हा चाकणला कंपन्या नव्हत्या, कांदा होता. एसटीने चाकण, तिथून गावाकडे परतणारा कांद्याचा रिकामा टेम्पो, आणि उरलेली वाट पायी. दर गुरुवारी वीस-पंचवीस जण जात. गवंडी काम येणारा भिंत धरी, वेल्डर पत्रे जोडी, आणि अण्णांकडे पायऱ्या होत्या. खिशात लेव्हलची, म्हणजे बुडबुड्यावरून सपाटी बघायची नळी घेऊनच ते निघत. तसूभर कललेली पायरी त्यांना सहन होत नसे. टेकडीवरच्या भिक्खूंचं नाव काढून सांगत, "भंतेजी म्हातारे आहेत. पायरी सरळ पाहिजे." मला त्या टेकडीवर एकदा न्या म्हणून मी किती विनवण्या केल्या असतील. "शाळा बुडवून? आपल्यात कुणी शिकलं नाही म्हणून तर ही दगडं वाहतोय," असं ते म्हणत आणि विषय मिटे.

रत्ना आली ती दिवाळीनंतर. माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी, लातूरकडच्या आमच्या मूळ गावची. तिची आई लहानपणीच गेलेली, त्या वर्षी चुलतेही गेले. अण्णा गावाला जाऊन आले ते तिचा हात धरूनच. तिचे मामा होते, पण त्यांच्याकडे शाळेचा विषय नव्हता, गुरं होती. जूनशिवाय इकडच्या शाळेत नाव घालता येणार नव्हतं. पुढच्या गुरुवारी धपाटी बांधताना आई म्हणाली, "ही घरात बसून काय करणार?" आणि अण्णा सहज म्हणाले, "येऊ दे माझ्याबरोबर." मी उंबऱ्यात एक पाय चपलेत घालून उभी होते. दुसरी चप्पल कशी घातली ते मला आठवत नाही.

माझ्याहून ती वर्षाने मोठी आणि बोटभर उंच. काय विचारलं तरी "कामून?" म्हणायची. गल्लीतली मुलं हसायची, मीही हसायची, जरा जास्तच मोठ्याने. तिला राग म्हणून यायचा नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. गुरुवारी दिवेलागणीला दोघं परत येत. तिच्या परकराला कांद्याचा वास, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तळ्याचा वाळलेला चिखल. जेवताना तोंडाचा पट्टा चालू. पाण्यावर पांढरी पाखरं उतरली होती. धरणात बुडालेल्या गावाच्या देवळाचं टोक उन्हाळ्यात वर येतं म्हणे. आज वरून सातवी पायरी बसली, अण्णांनी, म्हणजे तेव्हा ती काकाच म्हणायची, काकांनी तिलाच लेव्हलमधला बुडबुडा बघायला सांगितलं. माझ्या बापाच्या हातातला बुडबुडा! मला त्याला कधी हातही लावू दिला नव्हता. ती ओच्यातून चिंचा काढायची आणि निम्म्या माझ्यापुढे करायची. मी तोंड वाकडं करून घ्यायची. पण घ्यायची, हेही खरं.

फाल्गुनात अण्णा टेकडीवरून पिंपळाचं रोप घेऊन आले. भंतेजींनी कुठल्या थोर वृक्षाच्या वंशातलं म्हणून ते सांभाळलं होतं. वर उन्हाळ्यात पाणी नाही, तेव्हा पावसाळ्यापर्यंत दापोडीच्या नळावर जगवा आणि आषाढी पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, सुरू होतो त्या दिवशी, माथ्यावर आणून लावा, असं ठरलं. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ते रोप आमच्या दाराशी आलं. हातभर उंच, सात पानं, वारा नसतानाही हलणारी. त्याला पाणी घालायचं काम अण्णांनी रत्नाला दिलं. मला का दिलं नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "तुला अभ्यास आहे ना विशू." त्यांना वाटलं, त्यांनी मला मोठेपणा दिला. मला मात्र वाटलं, अभ्यास म्हणजे मला लांब ठेवायची युक्ती आहे. कामावरून आल्यावर ते आधी डब्याशी वाकत, पानं मोजत, मग रत्नाच्या डोक्यावर टपली मारत, आणि मग घरात येत. घरात मी होते.

लोक म्हणतात, मत्सर आंधळा असतो. माझा नव्हता. माझ्या मत्सराला फार चांगलं दिसायचं. अण्णांच्या ताटातला कांद्याचा मधला गाभा रत्नाच्या ताटात गेला, की मला तो पाठ फिरवूनही दिसायचा.

दर बुधवारी संध्याकाळी अण्णांच्या कामाच्या कपड्यांचं उकळवण असे. आठवड्याचं तेल, ग्रीस, काळं. आई स्टोव्हवर पाण्यात धुण्याचा सोडा टाकून कपडे खदखदवायची, आणि उरलेलं काळं पाणी गटारात नेऊन ओतायचं काम माझं. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, पण रत्नाचं नाव अजून घातलेलं नव्हतं. आई म्हणे, खाणारी तोंडं वाढली, तिला मामाकडे पाठवावं. अण्णा म्हणत, पाहू. मी रोज मनात म्हणत असे, जाऊ दे, जाऊ दे तिला. त्या बुधवारी अण्णा दारात आले, रत्ना तांब्या घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "अण्णा, पाय धुवा." काका नाही. अण्णा. मी ओट्यावर बसून गणितं करत होते. आता ते थांबतील, हसतील, काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "आण बाळ." जणू ती जन्मापासून तसंच म्हणत आली होती.

थोड्या वेळाने आईने हाक मारली, पाणी टाकून ये. मी फडक्याने बादली धरली, बाहेर आले आणि गटारापाशी न जाता डब्यापाशी थांबले. वाफ निघत होती. मी निम्मी बादली मुळात ओतली. उरलेली गटारात, कारण आईला गटारात पाणी पडल्याचा आवाज ऐकू यायला हवा होता. इतकी शुद्ध माझी तेव्हाही शाबूत होती, म्हणून म्हणते, आंधळेपणा नव्हता तो. वळले तर रत्ना दारात उभी. तिने पाहिलं की नाही, मला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काय करलालीस?" मी म्हटलं, "काही नाही."

पुष्कळ वर्षांनी वर्षावासाच्या एका प्रवचनात मी एका राजाच्या राणीची गोष्ट ऐकली. राजा उत्तमोत्तम वस्तू बोधिवृक्षाला अर्पण करायचा, म्हणून राणीला त्या झाडाचा मत्सर वाटला आणि तिने ते सुकवायचा घाट घातला. सभागृहातल्या बायका च् च् करत होत्या, कसली गं ही अवदसा म्हणत होत्या. मला एकटीला त्या राणीच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

शनिवारपर्यंत पानं कडेने काळी पडली, सोमवारी शेवटचं गळलं. अण्णा डब्याशी उकिडवे बसले. मातीवर पांढरट कड धरली होती. ती त्यांनी नखाने खरवडली, हुंगली. कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. "सोडा," ते म्हणाले. "कुणी?" आई आतून बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आत, किंवा खरं तर मी तोंड उघडणारच नव्हते, रत्ना म्हणाली, "माझ्या हातनं सांडला. गटारात टाकाया गेले, हिसका बसला."

"बघितलंत?" आई म्हणाली. "या पोरीचं चित्त नाही थाऱ्यावर. भंतेजींना काय तोंड दाखवणार आता? मी केव्हाची सांगतेय, मामाकडं पोचवून या हिला."

अण्णांनी काडीभोवतीची माती बोटांनी दाबली. म्हणाले, "पौर्णिमा होऊ दे. मग नेऊन सोडतो." खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. त्या आठवड्यात रत्ना टेकडीवर गेली नाही. घरात बसून गव्हातले खडे निवडत राहिली, आणि मला कुणी "कामून" म्हटलं नाही.

पौर्णिमा रविवारी आली. अण्णांनी रजा टाकली. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून निघालो. आईच्या मांडीवर खिरीचं पातेलं, अण्णांच्या मांडीवर डबा आणि डब्यात ती बोडकी काडी. ती फेकून द्यावी असं आई दोनदा म्हणाली. अण्णा म्हणाले, "सांगितलंय नेऊन लावायला. नेतो." टेकडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती अगदीच बारकी वाटली. यासाठी मी एवढी झुरले? पण चढायला लागल्यावर वळणावळणाला तळं वाढत गेलं, आणि माथ्यावर पोचले तेव्हा खाली नुसतं पाणीच पाणी, राखाडी, त्यावर पलीकडच्या डोंगरांवरून सरकत येणारी पावसाची झड. पत्र्याच्या छपराखाली बुद्धाची मूर्ती, अजून रंग न दिलेली. इतकी शांत जागा मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि त्या शांततेतही मला एकच गोष्ट ऐकू येत होती: चढताना भेटलेली प्रत्येक बाई म्हणत होती, "आली का गं रत्ना? गुरुवारी दिसली नाहीस!" मला कुणी ओळखत नव्हतं. "ही पायरी जरा डगमगते, जपून," रत्ना माझा हात धरून म्हणाली. माझ्या बापाने बसवलेल्या पायऱ्या ती मला दाखवत होती! मी हात सोडवून घेतला.

वंदना सुरू झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात त्रिशरणानंतर पंचशील घेतात. भंतेजी एक एक शील म्हणतात आणि आपण मागून म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मला ते बोबडं बोलत होते तेव्हापासून पाठ होतं, कधी विचार करून म्हटलं नव्हतं. पुढच्या ओळीत मी आणि रत्ना, मागे अण्णा. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. भंतेजी म्हणाले, "मुसावादा वेरमणी..." आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. पन्नास-साठ माणसं म्हणत होती, एक मी न म्हटल्याने काय बिघडणार होतं? पण माझ्या उजव्या कानालाही काहीतरी कमी पडत होतं. तिथे रत्नाचा आवाज असायचा, तिचा तो जाडसर, गावाकडचा. तो नव्हता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिने हात जोडलेले, ओठ मिटलेले, नजर पायाच्या अंगठ्यावर. पाचव्याला ती पुन्हा म्हणू लागली.

तेव्हा मला उमगलं. तिने सगळं पाहिलं होतं. माझं खोटं तिने आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि आता बुद्धापुढे आणखी खोटं नको म्हणून ती ते शीलच म्हणत नव्हती. तुम्हाला वाटेल, माझं मन विरघळलं. नाही. मला हेवा वाटला. इतका कडक हेवा मला त्या आधीही वाटला नव्हता, नंतरही नाही. टेकडी तिची, पायऱ्या तिच्या, अण्णा तिचे, आणि आता चांगुलपणाही तिचाच?

खड्डा आधीच खणून ठेवला होता. अण्णांनी काडीची साल नखाने जरा सोलली. वर वाळकं. खाली, मातीलगत, दोन बोटं हिरवं. "मुळात धुगधुगी आहे," भंतेजी म्हणाले. "लावा." अण्णांनी डबा कापून मातीचा गड्डा सोडवला, सोड्याची माती झटकली, काडी खड्ड्यात धरली आणि वर न बघताच विचारलं, "चौथ्या शीलाला तुम्ही दोघी गप्प का होता?"

रत्नाने तोंड उघडलं असतं तर पुन्हा काहीतरी रचून सांगितलं असतं आणि आणखी चांगली झाली असती. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "मी ओतला सोडा. मुद्दाम ओतला. तिने नाही." पुढे रडत रडत कायकाय बोलले, गुरुवार, चिंचा, बुडबुडा, अण्णा म्हणते ती, सगळं. भोवतीचे लोक ऐकत होते. मी खरं बोलले याचं नंतर घरात कौतुक झालं. आज एवढं वय झाल्यावर सांगायला हरकत नाही, ते मी पश्चात्तापाने बोलले नव्हते. तिला एकटीला चांगलं होऊ द्यायचं नाही म्हणून बोलले होते.

अण्णांनी मारलं नाही. रिकामी कळशी माझ्या हातात दिली आणि तळ्याकडे बोट दाखवलं. "पाणी आण. झाडाला लागेल तेवढं." खाली उतरून भरून आणेपर्यंत निम्मी कळशी माझ्या अंगावर हिंदकळली. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला रत्ना दुसऱ्या बाजूने कळशीला हात लावायला आली. मी म्हटलं, "सोड, माझं आहे हे." ती म्हणाली, "बरं," आणि शेजारून रिकामी चालत आली. उतरताना अण्णा आईला म्हणाले, "उद्या हिचं शाळेत नाव घालतो. मामाबिमा काही नाही." घरी पोचल्यावर आईने खिरीची खरवड रत्नाला दिली.

रत्ना शाळेत जाऊ लागली. म्हणजे तिचाही गुरुवार गेला. अण्णा एकटेच धपाटी घेऊन निघायचे आणि आम्ही दोघी एकाच उंबऱ्यातून त्यांच्याकडे बघत चपला घालायचो. त्या पहिल्या गुरुवारी माझ्या जिवाला किती थंड वाटलं म्हणून सांगू! एकीचं दुःख दोघींत वाटलं की दोघींची मैत्री होते, आमची अशीच झाली. पुढे ती बालवाडीची बाई झाली, लग्न होऊन चाकणला गेली. ते तिला जवळ पडायचं, म्हणून प्रत्येक पौर्णिमेला ती वर जायची. मी संसाराच्या राड्यात वर्षातून एकदा. एकदा मी तिला विचारलंच, "का गं घेतलंस तेव्हा अंगावर?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुजं नाव घेतलं असतं तर मला कुणी ठेवून घेतलं असतं का त्या घरात? पोरीचं नाव घेणारी परकी पोर." परातीवर पीठ भुरभुरवून पुन्हा थापू लागली. आयुष्यभर मी ज्या चांगुलपणाचा हेवा केला, ती नुसती भीती होती. बारा वर्षांच्या पोरीची. घरी येऊन मी पुष्कळ रडले.

परवाच्या पौर्णिमेला माझ्या मुलाने आम्हा दोघींना गाडीने नेलं. चाकणच्या चौकात कंपन्यांच्या बसमागे पाऊण तास अडकलो. रत्नाच्या गुडघ्यांनी आता दगा दिला आहे. ती खाली तळ्याकाठी गाडीतच बसली. "माज्या वाटचं पाणी घाल," म्हणून तिने बाटली दिली. मी अण्णांच्या पायऱ्या चढले. एकही हललेली नाही, ती डगमगणारी सोडून. वर आता मोठं विहार आहे, फरशी आहे, आणि त्या काडीचा असा पिंपळ झाला आहे की चौघांच्या कवेत मावू नये. पारावर पानं झाडत एक तरुण बाई होती, खालच्या गावातली. मी बाटली मुळात ओतली तशी ती झाडू थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

"तुमीच का वो रत्नाक्का?" ती म्हणाली. "समदी सांगत्यात, ह्ये झाड रत्नाक्कानं वाढवलं. लई दिस झालं, दिसला न्हाई."

वारा नव्हता, तरी पानं हलत होती. खाली तळ्याच्या काठाला गाडीचं पांढरं टप दिसत होतं.

"हो," मी म्हणाले. "मीच रत्ना."

ती वाकून माझ्या पाया पडली. मग वंदनेची घंटा झाली आणि आम्ही दोघी आत जाऊन उभ्या राहिलो. पहिलं शील मी म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला मी पुन्हा गप्प राहिले.